बारा मिनिटांचं वर्ष

मुलाखत संपते, समोरचा माणूस खांद्यावरचा टॉवेल झटकून उठायला लागतो, तेव्हा मी हात वर करते. "एक मिनिट. कुणी बोलू नका, हलू नका." मग आम्ही सगळे तसेच बसून राहतो. रेकॉर्डरचा लाल दिवा चालू असतो, हेडफोन माझ्या कानावर असतो आणि कुणीही बोलत नसतं. मन्नाएखेळ्ळीत हे पहिल्यांदा केलं तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी ते 60 सेकंद कसेबसे काढले आणि विचारलं, "अक्का, आमचं बोलणं तर झालं. आता हे काय भरून घ्यायलीस?"

मी भरून घेत होते रिकाम्या जागेचा आवाज. आमच्या कामात त्याला 'रूम टोन' म्हणतात. आवाजाच्या पत्रकाराचं अर्धं काम माणसाचं बोलणं टिपण्याचं असतं आणि अर्धं काम ते बोलणं ज्या जागेत झालं ती जागा टिपण्याचं. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. दगडी भिंतींच्या वाड्यात ती घुमते, कुडाच्या घरात ती कोरडी असते, पिंपळाखाली तिला पानांची सळसळ असते. मुलाखतीतला खोकला मी कापून टाकला आणि तिथे नुसती पोकळी ठेवली, तर ऐकणाऱ्याला वाटतं रेडिओच बंद पडला. म्हणून तिथे त्याच जागेचा रिकामा आवाज जोडावा लागतो, धोतराला त्याच धोतराच्या कापडाचं ठिगळ लावावं तसा.

गेल्या वर्षी मनात आलं, एकाच जागेची ही शांतता वर्षभर टिपली तर? गावाबाहेर, महामार्गापासून थोडं आत, एका चिंचेखाली दगडी कट्टा आहे. महिन्यातून एकदा, कामावर जाता-येता, तिथे बसून एक मिनिट भरून घ्यायचं. जूनपासून मेपर्यंत बारा मिनिटं. आज ती एकापाठोपाठ एक ऐकते तेव्हा खरं वाटत नाही की ही सगळी एकाच कट्ट्यावरची आहेत.

मन्नाएखेळ्ळी बीदर जिल्ह्यात, चिटगुप्पा तालुक्यात. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा 65 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. पश्चिमेला हुमनाबाद, पूर्वेला तेलंगणातलं जहीराबाद, उत्तरेला बीदर आणि दक्षिणेला गेलं की चिंचोळी, म्हणजे कलबुर्गी जिल्हा. चौकातल्या चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभं राहिलं तर कन्नड, दखनी, मराठी आणि तेलुगू अशा चारही भाषा कानावर पडतात, आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडून.

पहिलं मिनिट जूनचं. मृग निघाला होता, आभाळ भरलं होतं आणि चिंचेवर पावशा ओरडत होता. मराठी शेतकऱ्याला त्या ओरडण्यात 'पेर्ते व्हा' ऐकू येतं. तेवढ्यात वीज चमकली. मी मनात आकडे मोजायला लागले. प्रकाश लगेच पोचतो, आवाज मात्र सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे तीन सेकंद. बारा सेकंदांनी गडगडलं, म्हणजे वीज चार किलोमीटरवर होती. हा हिशोब पुष्कळांना ठाऊक असतो. पण वीज क्षणभर चमकते, मग गडगडाट इतका वेळ का चालतो? वीज म्हणजे काही किलोमीटर लांबीची वाकडीतिकडी रेघ असते. तिच्यातली हवा क्षणार्धात सुमारे 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, आणि फुटल्यासारखी पसरते. हा स्फोट सगळ्या रेघेवर एकाच वेळी होतो. पण रेघेचं जवळचं टोक आपल्याला आधी ऐकू येतं आणि दूरचं नंतर. आभाळभर पसरलेली ती लांबी कानाला वेळ होऊन भेटते. गडगडाट ऐकणं म्हणजे विजेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कान फिरवणं.

ऑगस्टचं मिनिट पावसाचं. माइकला केसाळ टोपी घातली होती आणि वर छत्री धरली होती. हेडफोनमध्ये ऐकताना ध्यानात आलं की पावसाला स्वतःचा आवाज नसतोच. तो ज्याच्यावर पडतो त्याचा आवाज होतो. कट्ट्याशेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावर ताशा, तुरीच्या पानांवर कुजबुज, छत्रीवर टपटप. आणि पुढ्यातल्या डबक्यात 'टुप'. या 'टुप'ची गोष्ट मला आजही थक्क करते. थेंब पाण्यावर आदळण्याचा तो आवाज नव्हेच. थेंबामुळे पाण्याला खळगा पडतो, तो मिटताना हवेचा एक बारीक बुडबुडा पाण्याखाली अडकतो, आणि तो बुडबुडा घंटेसारखा कापतो. आपण ऐकतो ती त्या बुडबुड्याची घंटा.

आणि हे सगळं ऐकतो तो कान! अगदी बारीक आवाजाने कानाचा पडदा किती हलतो? एका अणूच्या रुंदीहूनही कमी. ते हलणं तीन चिमुकल्या हाडांवरून आत जातं. त्यांतलं शेवटचं, रिकिबीसारखं दिसणारं हाड जेमतेम तीन मिलिमीटरचं, आपल्या शरीरातलं सर्वांत लहान. माझा माइक कितीही चांगला असला तरी त्याला एक गोष्ट येत नाही, निवड करणं. टपरीवर शेजारचा माणूस बोलत असताना आपला मेंदू ट्रकचा आवाज बाजूला सारतो. माइक सारत नाही, तो सगळं सारखंच घेतो. म्हणून वर्षभर हेडफोन लावणाऱ्या माणसाला गाव जरा निराळं ऐकू यायला लागतं. मेंदूने फेकून दिलेले आवाज परत हाती येतात.

सप्टेंबरचं मिनिट 17 तारखेचं. दूरवर शाळेच्या कर्ण्यावर गाणी लागली होती. इकडे हा दिवस झेंडावंदनाचा असतो, कारण 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतीय फौजेपुढे नमलं आणि बीदर तेव्हा त्याच संस्थानाचा जिल्हा होता. त्या दिवसाची एक गोष्ट आवाजाची आहे. शस्त्रं खाली ठेवल्याचं निजाम मीर उस्मान अली खान यांनी प्रजेला सांगितलं ते रेडिओवरून. 'दख्खन रेडिओ' हे निजामाचं केंद्र 3 फेब्रुवारी 1935 ला अवघ्या 200 वॉटच्या प्रक्षेपकावर सुरू झालं होतं आणि पुढे त्यावरून उर्दूबरोबर तेलुगू, कन्नड आणि मराठी कार्यक्रमही होत. 1 एप्रिल 1950 ला ते भारत सरकारच्या हाती गेलं. 1956 मध्ये हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. बीदर म्हैसूर राज्यात आलं, त्याच जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि जहीराबाद आंध्र प्रदेशात. जमीन वाटली गेली, पण आवाजाच्या लहरी सीमेच्या खांबापाशी थांबल्या नाहीत. इथल्या घरांत हैदराबाद, कलबुर्गी आणि सोलापूर ही तिन्ही केंद्रं लागत आली आहेत, आणि रेडिओची सुई कुठे ठेवायची ते घरातल्या मोठ्या माणसाच्या भाषेवर ठरे.

याच महामार्गाने पूर्वेला, राज्याची सीमा ओलांडून गेलं की जहीराबाद, आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांतलं एक माचनूर. हे नाव प्रत्येक आवाजप्रेमी माणसाने लक्षात ठेवावं. इथल्या दलित शेतकरी बायकांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या आधाराने स्वतःचा स्टुडिओ उभा केला. प्रसारणाचा परवाना नव्हता, म्हणून जवळपास दहा वर्षं त्या कार्यक्रम टेपवर भरत राहिल्या आणि गावोगावच्या बायकांच्या संघांच्या बैठकीत वाजवून दाखवत राहिल्या. मग 15 ऑक्टोबर 2008 ला 90.4 मेगाहर्ट्झवर 'संघम रेडिओ' सुरू झाला. ग्रामीण संस्थेने चालवलेल्या देशातल्या अगदी पहिल्या समुदाय रेडिओंपैकी तो एक. उद्घाटनाला आले होते निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत. हा मराठी माणूस तिथे असण्याला अर्थ होता. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला, तो त्यांनीच लिहिला होता. त्या निकालातला शब्द माचनूरच्या ज्वारी-बाजरीच्या रानात खरा झाला.

माचनूरचा रेडिओ तेलुगूत बोलतो. पण त्यातलं बोलणं सीमेच्या अलीकडेही कुणालाही आपलं वाटेल असं आहे. कोणतं बी कुणाच्या घरी साठवलं आहे, भाकरीची कोणती ज्वारी चांगली, बाळंतिणीला काय द्यावं, पेरणीची गाणी. आपल्या देशात समुदाय रेडिओंना आणि खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात. त्यामुळे या बायकांनी बातमीच्या शेजारचं सगळं रान नांगरलं. 100 वॉटची ताकद, 30 मीटरचा मनोरा आणि 20-25 किलोमीटरचा पल्ला. एवढ्यात जे बसतं ते सगळं त्यांना ठाऊक असतं, कारण ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. माझ्या कामाचं माप मी तिथून घेतलं.

ऑक्टोबरच्या मिनिटात शांतता औषधालाही नाही. सोयाबीनची रास चालली होती. मळणी यंत्र शेजारच्या रानात आणि त्याचा आवाज माझ्या छातीत. रेकॉर्डरवरचा काटा तांबड्यात गेला. डेसिबल हे माप फसवं असतं. ते दहाने वाढलं की आवाजाची ताकद दहापट होते, वीसने वाढलं की शंभरपट. ऐकू येणाऱ्या सर्वांत बारीक आवाजापासून कान दुखवणाऱ्या आवाजापर्यंत ताकदीत एक लाख कोटी पटींचा फरक असतो, आणि हे सगळं एकच अवयव पेलतो. पण पेलतो म्हणजे झिजत नाही असं नाही. आतल्या कानात 15-16 हजार केसाळ पेशी असतात, जन्मतःच मिळालेल्या. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. रास करणाऱ्या एका यंत्रचालकाशी मी बोलले. वय पस्तिशीच्या आत, आणि माझा प्रत्येक प्रश्न त्याने दोनदा विचारायला लावला. त्याची मुलगी जवळ उभी राहून माझं बोलणं त्याला मोठ्याने सांगत होती. ते ध्वनिमुद्रण ऐकताना मला माझ्या प्रश्नांपेक्षा त्या मुलीचा आवाज जास्त ऐकू येतो. कापसाचा बोळा पुरत नाही. फोमच्या कानगोळ्या किंवा कान झाकणारी टोपणं स्वस्तात मिळतात, ती प्रत्येक राशीवर असायला हवीत.

डिसेंबरचं मिनिट मला सर्वांत लाडकं. पहाटेची थंडी होती. महामार्ग नेहमीच्याच अंतरावर, पण त्या सकाळी तो जणू कट्ट्याला टेकून गेला. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा खडखडाट, ट्रकचा गिअर बदलण्याचा आवाज, एवढंच काय, लांबच्या वस्तीवर कुणीतरी बादली खाली ठेवली तेही ऐकू आलं. रस्ता जवळ आला नव्हता, हवा बदलली होती. आवाज गरम हवेत वेगाने चालतो आणि थंड हवेत हळू. शून्य अंशाला सेकंदाला 331 मीटर, आणि पुढे दर अंशाला साधारण 0.6 मीटरने जास्त. हिवाळी पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर असतो. आवाजाच्या लाटेचा वरचा भाग पुढे धावतो, खालचा मागे रेंगाळतो, आणि सगळी लाट पुन्हा जमिनीकडे वाकते. गावावर जणू एक न दिसणारं छत येतं आणि आवाज त्याखालून दूरवर जातो. काकडआरती पलीकडच्या गावात ऐकू जाते ती यामुळेही.

डिसेंबर हा इथला आवाजाने भरलेला महिना. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला हुमनाबादजवळच्या माणिकनगरला दत्तजयंतीचा उत्सव असतो. माणिकप्रभूंचा जन्म 1817 च्या दत्तजयंतीचा. त्यांनी मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत पदं रचली आणि ती आजही गायली जातात. एका रात्री तिन्ही भाषा एकाच तबल्यावर ऐकायच्या असतील तर तिथे जावं. मग अमावस्येला येळवस येते. लातूर-सोलापूरपासून बीदर-कलबुर्गीपर्यंत त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आधी रानाला चरगा, म्हणजे नैवेद्य, शिंपायचा, मग आपण जेवायचं. चरगा शिंपताना बाप कन्नडमध्ये आरोळी देतो आणि बांधावरून आजी त्याला मराठीत सांगते, "त्या कोपऱ्यावर राहिलं बघ." हे दोन आवाज एकाच सेकंदात माझ्या टेपवर आहेत. लिहायला गेले की ते दोन वाक्यांत तुटतात, भाषांतर करावं लागतं, कंस टाकावे लागतात. आवाजात ते एक घर राहतं.

फेब्रुवारीच्या मिनिटात विमान आहे. बीदरच्या हवाई तळावर लढाऊ वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं आणि हवाई दलाच्या सूर्यकिरण चमूचं घरही तेच. कट्ट्यावर बसले होते, आवाज डोक्यावरून आला, वर पाहिलं तर आभाळ मोकळं. विमान केव्हाच पुढे निघून गेलं होतं. तीन किलोमीटरवरचा आवाज यायला नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला 200 मीटर वेगाचं विमान जवळजवळ दोन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. मघाची वीज आणि आत्ताचं विमान एकच धडा देतात. कान नेहमी थोडा भूतकाळ ऐकतो. ऐकू आलेली प्रत्येक गोष्ट घडून गेलेली असते.

एप्रिल आणि मेची मिनिटं दुपारची. जमीन भाजत होती आणि डिसेंबरच्या उलट घडत होतं. खालची हवा तापलेली आणि वरची त्यामानाने गार, म्हणून आवाजाची लाट वर वाकून आभाळात निघून जाते. तोच महामार्ग, तेच ट्रक, पण जणू कापसात गुंडाळलेले. भर दुपारी गाव मुकं वाटतं त्यात उन्हाचाही हात असतो. त्या मुकेपणात चिंचेवर एकच कोकीळ ओरडत होता.

त्याच मे महिन्यात मी एका आजींकडे गेले होते. त्यांचं माहेर निलंग्याकडचं, घरात सुना कन्नड बोलणाऱ्या. पडवीच्या कोपऱ्यात जातं पडलेलं, वर भांडी ठेवलेली. ओव्या आठवतात का विचारलं तर म्हणाल्या, "नुसतं बसून आठवत न्हाई ग." मी भांडी उतरवली. त्यांनी मूठभर ज्वारी टाकली, खुंटा धरला, आणि दगड फिरायला लागला तशी ओवी आपोआप बाहेर आली. एक झाली, दुसरी, मग पंधरा. गाणं त्यांच्या डोक्यात नव्हतं, ते त्या हाताच्या आणि दगडाच्या मध्ये होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बेर्नार बेल यांनी त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या, आणि आज पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संग्रहात त्या कुणालाही ऐकता येतात. गिरणी आली, जाती थांबली, आणि त्याबरोबर जे थांबणार होतं त्यातलं खूप काही या लोकांनी वेळेत वाचवलं. कागदावर ओवीचे शब्द राहतात. टेपवर दगडाची घरघर, श्वास घ्यायला थांबलेली बाई आणि तिच्या बांगड्याही राहतात.

माझ्या बारा मिनिटांचा हिशोब सांगते. रेकॉर्डर दर सेकंदाला आवाजाची 44,100 मोजमापं घेतो, कारण माणसाला सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंत ऐकू येतं आणि कंपन नीट पकडायला त्याच्या दुपटीहून जास्त मोजमापं लागतात. म्हणजे मन्नाएखेळ्ळीचं हे वर्ष तीन कोटी सतरा लाख बावन्न हजार आकड्यांचं आहे. मोबाइलमध्ये त्याला जेमतेम 64 एमबी जागा लागते, एका लहान व्हिडिओएवढी.

त्या बाबांना उत्तर द्यायचं राहिलं होतं. जूनमध्ये परत गेले तेव्हा त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि डिसेंबरचं मिनिट ऐकवलं. बादली ठेवल्याचा आवाज आला तसे ते म्हणाले, "ही आमच्या वस्तीवरली बादली." मग थोडं थांबून म्हणाले, "तिचा कान तुटलाय, म्हणून अशी वाजती."

तुमच्या घरातही कुणी म्हातारं माणूस असेल. त्यांचं बोलणं भरून घ्या, हे तुम्हाला आधीही कुणी सांगितलं असेल आणि ते खरंच आहे. मोबाइलमधला रेकॉर्डर पुरतो. तो तोंडापासून वीतभर अंतरावर धरा, पंखा बंद करा, आणि त्यांच्या हाताला ओळखीचं काम असू द्या, शेंगा सोलणं, वाती वळणं, काहीही. माझी विनंती त्यापुढची आहे. बोलणं संपलं की यंत्र लगेच बंद करू नका. एक मिनिट गप्प बसा आणि ते घर भरून घ्या. पुढे कधीतरी तुम्हाला त्या माणसाची आठवण येईल, तेव्हा ते जिथे बसून बोलत होते ती जागाही ऐकायला हवी असेल.